फिकी पंगत

सातारा, ४ नोव्हेंबर १९४३

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. मुलींच्या आधारगृहातली भामा २६ ऑक्टोबरला वारली. वय अकरा.

२. जुलैमध्ये तिला मुदतीचा ताप आला होता. ताप उतरल्यावर तिला पथ्याचे फिके जेवण सुरू केले: भाकरी, शिजवलेली डाळ, हुलग्याचे माडगे. तिखट, आंबट, कच्चे बंद.

३. पथ्य थांबवा असे कोणी सांगितले नाही, म्हणून ते थांबले नाही.

४. सप्टेंबरअखेर तिच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या. पाय दुखतात म्हणून ती अंथरुणातून उठेना. आळशीपणा करते म्हणून तिला उठवून बसवले आणि मारले. बसल्या जागीच ती गेली.

५. दाखल्यात 'अशक्तपणा' असे लिहिले आहे.

६. बाकीच्या चोवीस मुलीही भाकरी, डाळ आणि माडगेच खातात. फरक एकच. त्यांच्या भाकरीवर हिरवी मिरची असते. त्यांच्यापैकी एकीच्याही हिरड्या सुजलेल्या नाहीत.

सहावा मुद्दा माझा. बाकीचे मनुबाईंकडून कळले. त्या इथल्या व्यवस्थापिका. त्यांनी ते मुद्दे म्हणून नव्हे, भामाविषयीची तक्रार म्हणून सांगितले.

हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. सांगलीच्या प्रयोगशाळेत मी ते स्वतः मोजले आहे. इथल्या जेवणात ते दुसऱ्या कशातच नाही. भाजीपाला सगळा लष्कराच्या ठेकेदाराकडे जातो. भामाला स्कर्व्ही झाला आणि तो मिरची बंद केल्यामुळे झाला, याबद्दल मला शंका नाही. माझे वरिष्ठ डॉ. फाटक यांनाही नाही. पण आधारगृहाच्या कमिटीने ठराव केला आहे की तिखटाने मुलींच्या अंगात उष्णता वाढते व त्या उनाड होतात, सबब मार्चपासून सर्वांचेच जेवण फिके करावे.

डॉक्टर म्हणाले, "एका मेलेल्या मुलीवरून कमिटी ठराव फिरवणार नाही. पुरावा द्या."

बारा मुलींना मिरची, बारांना भामाचे पथ्य. बारा आठवडे. सुरुवातीची लक्षणे दिसली की मिरची द्यायची. दोन-तीन आठवड्यांत सगळे भरून येते. धोका मोजलेला आहे.

८ नोव्हेंबर

पितळी तांब्यात चोवीस चिठ्ठ्या टाकून प्रत्येक मुलीला एकेक काढायला लावली. माझी निवड मध्ये येऊ नये म्हणून. मुलींना वाटले खेळ आहे. हिरवी रेघ निघाली तर मिरची, कोरी निघाली तर फिके.

राही आणि अंबू या सख्ख्या बहिणी आहेत. राही तेरा वर्षांची, अंबू नऊची, सगळ्यांत लहान. वडिलांचे नाव कृष्णात. ते पलटणीत होते, ब्रह्मदेशातून दोन वर्षे पत्र नाही. आई नाही. राहीला हिरवी रेघ आली, अंबूला कोरी.

राही म्हणाली, "बाई, माझी चिठ्ठी तिला द्या की. म्या खाती फिकं."

मी म्हणाले, तसे चालत नाही.

"का वं? चिठ्ठीला काय कळतंय कोन कुठली?"

म्हणूनच चिठ्ठी, असे मी तिला सांगितले. तिला ते पटल्यासारखे दिसले नाही.

१५ नोव्हेंबर

जेवायला आता दोन ओळी बसतात. मुलींनीच नावे पाडली आहेत, तिखट पंगत आणि फिकी पंगत. मला त्या मिरचीबाई म्हणतात. तोंडावर नाही.

मिरच्या रहिमतपूरहून मोहिद्दीन बागवान सायकलवर आणतो. ताजी मिरची शंभर ग्रॅमला सुमारे एकशे दहा मिलिग्रॅम देते. एक मिरची साधारण चार ग्रॅमची, मुलीला दिवसाला तीन. आजार अडवायला एवढ्या पुरेशा असाव्यात. वाळलेल्या मिरचीत निम्म्याहून कमी उरते. तेलात भाजून कुटलेल्या चटणीत मला जवळजवळ काहीच सापडले नाही.

मोहिद्दीन तोलताना म्हणाला, "बाई, पोरी चोवीस आन् मिरच्या बाराजनींच्याच? बाकीच्या काय सवतीच्या हायत व्हय?"

मी सांगितले, प्रयोग आहे.

"लष्करात बी आसंच हाय म्हनं. निम्म्यास्नी बंदुका, निम्म्यास्नी काठ्या. मग बघत्यात कोन मरतंय." आणि स्वतःच हसला. जाताना त्याने मूठभर मिरच्या वर टाकल्या. मी त्या वेगळ्या काढून परत दिल्या. वजन ठरलेले आहे.

२५ नोव्हेंबर

मुलींची लघवी तपासली. बाटल्या द्यायच्या म्हटल्यावर अर्धा दिवस हसण्यात गेला. रीत सोपी आहे. निळा रंगद्राव थेंबथेंब सोडायचा. क जीवनसत्त्व असेल तोवर रंग उडून जातो. ते संपले की गुलाबी छटा टिकते. तिथे थांबायचे आणि थेंब मोजायचे.

फिक्या पंगतीचे आकडे अपेक्षेप्रमाणे घसरले आहेत, एकीचा सोडून. अंबूचा आकडा तिखट पंगतीत शोभेल असा आहे.

दुसरी अडचण याहून वाईट. राहीच्या उजव्या गालाला आतून पांढरट सोललेला चट्टा आहे, कडेला रक्त. मिरची खाणाऱ्या मुलीच्या तोंडात व्रण! हा स्कर्व्ही असेल तर माझे सगळे म्हणणे कोसळते. आज तीनदा तिचे तोंड उघडून पाहिले. शेवटी ती म्हणाली, "बाई, आता दात मोजून पगार देनार का काय?"

२९ नोव्हेंबर

दोन्ही अडचणी सुटल्या.

जेवणानंतर मी मोरीच्या भिंतीमागे उभी राहिले. राही हात धुवायला आली, मागून अंबू. राहीने गालातून चावलेली मिरची काढली आणि अंबूच्या तळहातावर ठेवली. अंबूने ती डोळे मिटून गिळली. तीनपैकी एक मिरची पंगत उठेपर्यंत गालात धरायची, असे पहिल्या दिवसापासून चालले आहे. चट्टा स्कर्व्हीचा नाही, तिखटाने भाजल्याचा आहे.

मी विचारले, "जळत नाही का?"

"जळतंय की."

"मग तशीच हातात लपवून का नाही आणलीस?"

"तिला तिखट लय झोंबतंय. चावून चावून तिखट म्या घेती, मग तिला देती."

चघळल्याने थोडे जीवनसत्त्वही जात असणार. तरी अंबूचा आकडा टिकला, म्हणजे रोज एक मिरचीसुद्धा पुष्कळ काम करते. ही नोंद उपयोगाची आहे. दोघी बहिणी आहेत हे मला ठाऊक होते, पण दोन्ही अडचणी मी चार दिवस वेगवेगळ्या पाहत बसले.

मनुबाईंना सांगितले की राहीची जागा बदला, आणि पंगत उठताना तिचे तोंड पाहत जा.

३० नोव्हेंबर

सकाळी सगळे घर खोकू लागले. मला वाटले फोडणी करपली. धान्याच्या खोलीला बाहेरून कडी होती आणि दाराच्या फटीतून धूर येत होता. आत राही. निखाऱ्यावर सुक्या मिरच्या.

मनुबाई पदर नाकाला लावून दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मिरची लय आवडती न्हवं तिला? घे म्हनावं पोटभर."

"मी शिक्षा करायला सांगितले नव्हते."

"आवं, तुमी चोरी सांगितली. शिक्षा आमाला कळती. तुमी तुमच्या बाटल्या बघा."

हे लिहून ठेवते: मी जागा बदलायला सांगितली होती, एवढेच. कडी किती वेळ लावलेली होती ते मी पाहिले नाही. काढली तेव्हा राही जोत्याशी गुडघ्यात डोके घालून बसली होती. मी उकळून गार केलेल्या पाण्याने तिचे डोळे धुतले. पापण्या सुजून बंद झाल्या होत्या.

त्या बंद डोळ्यांनी तिने विचारले, "बाई, आता तिची मिरची बंदच का?"

मी हो म्हणाले.

१६ डिसेंबर

अंबूचा आकडा बाकीच्यांच्या खाली गेला. लहान शरीर, साठा लहान. तिखट पंगत स्थिर. राहीचा गाल भरून आला आहे.

औंधहून माझ्या वडिलांचे, नानांचे, पत्र: नोकरी पुरे, मुलगा पाहिला आहे, ये. त्यांना कळवले की फेब्रुवारीपर्यंत काम सोडता येणार नाही.

१८ जानेवारी १९४४

आज संक्रांतीचे हळदीकुंकू. गावातल्या एक वकिलीणबाई टांग्यातून आल्या आणि प्रत्येक मुलीच्या हाती वाणाचे सुगड ठेवून गेल्या. त्यात उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर आणि वर शीग लागेपर्यंत बोरे. मला कोणी आधी सांगितले नव्हते. मी खोलीतून आले तेव्हा मुलींचे हात सुगडात गेले होते.

बोरांत काय असते हे मला माहीत होते. मी पाटी घेतली आणि फिक्या पंगतीपुढून फिरले. "सुगडे इकडे रिकामी करा."

वकिलीणबाई दारातून परतल्या. "अगं, हे काय? सवाष्णीने दिलेलं वाण कुणी काढून घेतं का? पाप लागेल."

"मला लागू दे."

"लग्न व्हायचंय ना तुझं अजून?"

मी पुढे गेले. कोणी रडले नाही. अकराजणींनी ओतले. अंबूच्या सुगडात एक बोर कमी वाटले, आणि तिचा गाल फुगलेला होता. मी तिच्या तोंडाखाली हात धरला. "थुंक."

तिने राहीकडे पाहिले. राहीने दुसरीकडे पाहिले. मग तिने थुंकले. अर्धे बोर. त्याच्या पांढऱ्या गराला रक्त लागले होते.

हिरड्यांतून रक्त येण्याची ही पहिली नोंद.

संध्याकाळी बोरांची तपासणी केली. शंभर ग्रॅमला सत्तरच्या वर. म्हणजे काढून घेतली ते बरोबर होते. निकाल मिरचीचाच असायला हवा, म्हणून तिखट पंगतीचीही उरलेली काढून घेतली. मनुबाईंनी पाटी घरी नेली.

२७ जानेवारी

फिक्या पंगतीत नऊजणींच्या हिरड्या सुजल्या. तिखट पंगतीत एकीच्याही नाही. लक्षणे दिसली की मिरची असे ठरले होते, पण बारा आठवड्यांना चारच दिवस उरले आहेत.

अंबूच्या नडगीवर खुरप्याचा जुना वण आहे. तीन वर्षांपूर्वीचा, पूर्ण मिटलेला. आज तो उघडला. ताजी जखम असावी तसा, कडा बाजूला झालेल्या. हे मी पुस्तकात वाचले होते. शरीर जुनी जखम एकदाच सांधून मोकळे होत नाही, ती रोज सांधत राहावी लागते, आणि त्यासाठी लागणारे जीवनसत्त्व मिळाले नाही की शिवण उसवते. प्रत्यक्ष पाहायला फार थोड्यांना मिळते.

मी जखम धुतली तेव्हा अंबू म्हणाली, "ह्ये तवाच बरं झालतं. आईनं हळद लावलीती."

मिरच्या हाताळून हाताची आग होते. आज साबणाने तीनदा धुऊनही गेली नाही. जेवले नाही. काम होते.

सांगली, १ फेब्रुवारी

काल बारा आठवडे पुरे झाले. आज रेल्वेने इथे आले, आकडे डॉक्टरांपुढे ठेवले.

ते उभेच राहिले. "नऊ आणि शून्य! बाई, इतका स्वच्छ निकाल मी आजवर पाहिला नाही."

मी म्हणाले, "उद्यापासून त्या बाराजणींना मिरची सुरू करते."

"थांबा. आकडे आपल्याला दिसतात. कमिटीत तीन वकील आणि एक इनामदार. त्यांना हिरड्या दाखवायला हव्यात. मिरजेचा फोटोवाला लग्नांत अडकला आहे, सोळा तारखेला येतो म्हणाला."

"तोवर?"

"तोवर आहे तसंच. भरून आलेल्या हिरड्यांचा फोटो काढून काय करायचं?"

"अंबू नावाच्या मुलीचा जुना वण उघडला आहे."

"खरंच? मग तिचा आधी काढायचा. खिडकीशी नीट उजेडात बसवा तिला, पाय दिसेल असा." मग म्हणाले, "अहो, हा ठराव फिरला तर सगळ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहांत आणि तुरुंगांत मिरची जाईल. बारा पोरींचे पंधरा दिवस त्यापुढे काय आहेत?"

यात हिशोबाची चूक नाही. मी हो म्हणाले.

सातारा, ७ फेब्रुवारी

राहीने मिरची खाणे सोडले. कालही खाल्ली नाही. पंगतीत तीन मिरच्या तशाच ठेवून म्हणाली, "माझ्या वाटनीच्या हायत. अंबूला द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मी तिला समजावले की तू खाल्ली नाहीस तर तूही आजारी पडशील, आणि त्याने अंबूला काही मिळणार नाही.

"मग दोघींचा बी फोटू काढा."

फोटोचे तिला कोणी सांगितले, माहीत नाही.

मनुबाईंनी तिचे नाक दाबले, तोंड उघडताच मिरच्या कोंबल्या आणि जबडा धरून ठेवला. समोरच्या भिंतीला अंबू टेकून होती. तिच्याच्याने आता भाकरी चाववत नाही, माडगे पिते. ती म्हणाली, "अक्का, खा की गं. खा." तिखट पंगतीतल्या बाकीच्यांनी आपापल्या मिरच्या घाईघाईने संपवल्या.

मिरच्या पोटात गेल्या, सबब नोंदीत खाल्ल्या असे लिहिले.

९ फेब्रुवारी

अंबू कालपासून आडवी आहे. पाय निळसर, गुडघे सुजलेले. कुशीवर वळवले तरी धाप लागते. वण बोटभर उघडा. या अवस्थेत रोग्याला एकदम उठवून बसवले तर हृदय बंद पडू शकते, असे पुस्तकात आहे. ते मी आज पुन्हा वाचले. भामाला उठवून बसवले होते.

दुपारी राही माझ्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

"बाई, येक इचारू?"

"विचार."

"तुमचं ते खरं ठरलं न्हवं? मिरची खाल्ली की पोरगी जगती?"

"ठरले."

"मग आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

मी सांगितले की काम सांगलीच्या डॉक्टरांचे आहे, त्यांना विचारल्याशिवाय मला बदल करता येत नाही.

"तुमी मोठ्या हाय. तुमाला बी कोन बसायची जागा सांगतंय व्हय?"

तिने ओच्यातून तीन मिरच्या काढल्या आणि माझ्या टेबलावर, तराजूच्या शेजारी ठेवल्या. आजच्या तिच्या वाटणीच्या. मनुबाई बाजाराला गेल्या होत्या, त्यामुळे तोंड कोणी पाहिले नव्हते.

"चावून दिली आसती," ती म्हणाली, "पन तुमी म्हनाल, परत चोरली. आन् तुमी मागच्यावानी सांगितलं तर मनुबाई तिला बी खोलीत घालंल. तिला आता धूर सोसायचा न्हाई." आणि गेली.

मिरच्या ताज्या आहेत. वजन बारा ग्रॅम. वाटून रस काढला आणि गुळाच्या पाण्यात दिला तर चावावे लागणार नाही. उघड्या हिरड्यांना झोंबेल, फार झोंबेल, पण जाईल. अंबूची खोली आठ पावलांवर आहे. मिरच्या कोमेजू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

मग पत्र लिहिले. संध्याकाळच्या डाकेने गेले. मजकूर असा:

"डॉ. फाटक यांस,

फिक्या पंगतीतील अंबू कृष्णात, वय नऊ, हिची प्रकृती फार उतरली आहे. तिला उठवून खिडकीशी बसवता येणार नाही. बसवल्यास ती दगावेल असे मला वाटते. सोळा तारखेपर्यंत ती टिकेल असे मला वाटत नाही. तिला वगळले तरी हिरड्या सुजलेल्या आठजणी फोटोसाठी राहतात. निष्कर्षात फरक पडत नाही.

तिला मिरची सुरू करण्याची परवानगी असावी. मिरच्या माझ्याजवळ आहेत.

उत्तर शनिवार, ता. १२ पर्यंत यावे."